विश्लेषण : सोलापूरचे पॉली उम्रीगर वेगाला खरेच घाबरत होते का?

दरवर्षी बीसीसीआयचा पुरस्कार सोहळा झाला की एक नाव पुन्हा मोबाइलच्या पडद्यावर झळकते. वर्षातील सर्वोत्तम भारतीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला मिळणारा 'पॉली उम्रीगर पुरस्कार'. पहिला मान 2006-07 साठी सचिन तेंडुलकरला मिळाला. पुढे विराट कोहलीने तो अनेकदा नेला आणि 2018-19, 2021-22 व 2023-24 साठी जसप्रीत बुमराहने. आणि दरवर्षी जुन्याजाणत्या क्रिकेटप्रेमींच्या गप्पांत तोच वाद रंगतो : ज्याच्या नावाने हा सर्वोच्च सन्मान दिला जातो, तो फलंदाज खरोखर एवढा मोठा होता का? 1952 साली इंग्लंडमध्ये फ्रेड ट्रूमनसमोर ज्याची दाणादाण उडाली, तोच हा ना? सोलापूरकरांना हा प्रश्न थोडा जास्तच बोचतो, कारण पॉली त्यांचे आहेत. या वादात तथ्य किती आणि ऐकीव किती?

सोलापूरशी नाते काय?

पहलन रतनजी उम्रीगर यांचा जन्म 28 मार्च 1926 चा. जन्मस्थळाबाबत नोंदी एकमत नाहीत. काही ठिकाणी मुंबई आहे, काही ठिकाणी सोलापूर. पण त्यांचे बालपण सोलापुरात गेले, याबाबत शंका नाही. पारशी कुटुंब, वडिलांचा कापडाचा व्यवसाय. जुनी गिरणी 1877 पासून ज्या गावात धडधडत होती, त्या गावात कापडाच्या धंद्यातला पारशी असणे यात नवल काही नाही. शाळकरी वयात कुटुंब मुंबईला गेले आणि पुढचे क्रिकेट सगळे मुंबईचे. वयाच्या अठराव्या वर्षी, 1944 मध्ये, मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत पारशी संघाकडून त्यांनी प्रथम श्रेणी पदार्पण केले. 1948 मध्ये भारतात आलेल्या वेस्ट इंडिजविरुद्ध संयुक्त विद्यापीठ संघाकडून नाबाद 115 धावा केल्या आणि त्याच डिसेंबरात मुंबईत कसोटी पदार्पण झाले.

म्हणजे सोलापूरने मुलगा दिला आणि मुंबईने क्रिकेटपटू घडवला. आजही तेच चालते, फक्त मुंबईऐवजी पुणे. 2024 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला आणि आयपीएलमध्ये लखनौ संघात गेलेला अर्शीन कुलकर्णी सोलापूरचाच. योगायोग असा की तोही फलंदाजी करून मध्यमगती मारा करणारा.

1952 च्या इंग्लंड दौऱ्यात नेमके काय घडले?

वादाचे मूळ इथे आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. 1952 च्या उन्हाळ्यात विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. उम्रीगर चांगल्या लयीत होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रास कसोटीत त्यांनी इंग्लंडविरुद्ध नाबाद 130 धावा केल्या होत्या. भारताने जिंकलेली ती पहिलीवहिली कसोटी. विनू मंकड यांचे 12 बळी सर्वांना आठवतात, उम्रीगर यांचे शतक मात्र सहसा विसरले जाते.

मद्रासला जो इंग्लंडचा संघ हरला, तो पूर्ण ताकदीचा नव्हता. हेडिंग्लेला जूनमध्ये समोर उभा राहिला तो 21 वर्षांचा फ्रेड ट्रूमन, पहिल्याच कसोटीत. दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद. धावफलकावर एकही धाव नाही आणि चार जण तंबूत, असे दृश्य कसोटी क्रिकेटने त्याआधी पाहिले नव्हते. ओल्ड ट्रॅफर्डला तर ट्रूमनने 31 धावांत 8 बळी घेतले आणि भारताचा डाव 58 धावांत आटोपला. चार कसोटींत ट्रूमनचे 29 बळी.

या मालिकेत उम्रीगर यांनी सात डावांत मिळून केल्या अवघ्या 43 धावा. सरासरी 6.14. ट्रूमन धावत आला की ते लेग स्टम्पच्या बाहेर सरकत, असे त्या काळच्या वर्णनांत वारंवार येते. जवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाने 'जरा बाजूला हो, तुझ्यामुळे मला गोलंदाज दिसत नाही' अशा अर्थाची टोपी उडवल्याचा किस्सा तर सत्तर वर्षे इंग्लंडमधल्या आणि आपल्याकडच्याही क्रिकेटगप्पांत फिरतो आहे. किस्सा शब्दशः खरा असो वा नसो, तो चिकटला. एखाद्या खेळाडूच्या कपाळी असा किस्सा लागला की मग बारा शतकेही तो पुसू शकत नाहीत.

पण याच दौऱ्याची दुसरी बाजू फार कमी लोकांना ठाऊक असते. कसोटीत 43 धावा करणाऱ्या उम्रीगर यांच्या त्या दौऱ्यातील एकूण प्रथम श्रेणी धावा होत्या 1688, भारतीय संघात सर्वाधिक. त्यात तीन द्विशतके. कौंटी संघांसमोर डोंगराएवढ्या धावा आणि कसोटीत पार शुकशुकाट. टीकाकारांना हेच हवे होते. खेळता येत नाही असे म्हणता येत नव्हते, म्हणून घाबरतो असे म्हटले गेले.

मग बाकीच्यांचे काय?

हा मुद्दा उम्रीगर यांच्या बाजूने बोलणारे पहिल्यांदा काढतात, आणि तो वजनदार आहे. हेडिंग्लेला शून्यावर बाद झालेले चार जण होते पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर. त्यांत उम्रीगर नाहीत. पंकज रॉय तर त्या मालिकेत सात डावांत पाच वेळा शून्यावर बाद झाले. म्हणजे भंबेरी एकट्याची उडाली नव्हती, संघाची उडाली होती.

मात्र विरुद्ध पक्षाकडेही उत्तर आहे. त्याच हेडिंग्लेच्या पहिल्या डावात अवघ्या वीस वर्षांच्या मांजरेकर यांनी 133 धावा केल्या, हजारे यांनी 89. हजारे यांनी संपूर्ण मालिकेत 333 धावा केल्या, 55.50 च्या सरासरीने. तीच खेळपट्टी, तोच ट्रूमन. वेगवान गोलंदाजी खेळण्याचे तंत्र कोणाकडे होते, याची चर्चा निघाली की जुने जाणकार हजारे आणि मांजरेकर यांची नावे आधी घेतात, उम्रीगर यांचे नंतर. यात अन्याय काही नाही.

तरीही परिस्थितीचा हिशेब मांडायला हवा. मोहम्मद निसार आणि अमरसिंग यांच्यानंतर भारताकडे खऱ्या अर्थाने वेगवान म्हणावा असा गोलंदाज उरला नव्हता. देशांतर्गत क्रिकेट संथ खेळपट्ट्यांवर, काही ठिकाणी मॅटिंगवर. सरावालाच वेग नाही, तर नजर तयार होणार कुठून? हेल्मेट कसोटीत यायला अजून पंचवीसेक वर्षे होती. इंग्लंडमध्ये खेळपट्ट्या पावसापासून आजच्यासारख्या पूर्ण झाकत नसत. अशा ओलसर, उसळत्या खेळपट्टीवर हैदराबाद किंवा मुंबईच्या पाटा विकेटवर वाढलेल्या फलंदाजाला उभे केले, तर काय होणार? भीती वाटणे स्वाभाविक होते. प्रश्न त्यानंतर त्या फलंदाजाने काय केले, हा आहे.

आकडे कोणाच्या बाजूने बोलतात?

1962 मध्ये उम्रीगर निवृत्त झाले, तेव्हा भारतीयांत सर्वाधिक कसोटी सामने (59), सर्वाधिक धावा (3631) आणि सर्वाधिक शतके (12) हे तिन्ही विक्रम त्यांच्या नावावर होते. सुनील गावस्कर यांनी सत्तरच्या दशकात मागे टाकीपर्यंत त्यांच्या शतकांच्या आकड्याला कोणी हात लावला नाही. सरासरी 42.22. तुलनेसाठी, विजय मांजरेकर यांनी 55 कसोटींत 3208 धावा केल्या, सरासरी 39.12 आणि शतके सात. हजारे यांची सरासरी 47.65, पण कसोटी 30 च.

एक साधा हिशेब करून पाहता येतो. 1952 ची ती कुप्रसिद्ध मालिका उम्रीगर यांच्या कारकिर्दीतून वजा केली, तर उरतात 3588 धावा आणि सरासरी होते 45.4 च्या आसपास. म्हणजे एका मालिकेने त्यांच्या सरासरीतले तीन गुण खाल्ले, आणि नावलौकिकातले किती ते मोजायचे यंत्र अजून निघालेले नाही.

अर्थात टीकाकार शतकांची फोड करायला सांगतात. बारांपैकी पाच पाकिस्तानविरुद्ध, त्यातली तीन 1960-61 च्या एकाच रटाळ मालिकेत, जिचे पाचही सामने अनिर्णित राहिले. एक न्यूझीलंडविरुद्ध : नोव्हेंबर 1955 मध्ये हैदराबादला केलेल्या 223 धावा, कसोटीतील कोणाही भारतीयाचे पहिले द्विशतक. (त्या मालिकेतील न्यूझीलंडची गोलंदाजी किती धारदार होती, हे यावरून कळावे की विनू मंकड यांनीही त्याच मालिकेत आधी 223 आणि मग 231 धावा केल्या.) तीन इंग्लंडविरुद्ध, तीन वेस्ट इंडिजविरुद्ध. ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकही नाही. 1953 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात त्यांनी 560 धावा कुटल्या खऱ्या, पण तिथे मुख्य मारा सॉनी रामाधीन आणि आल्फ व्हॅलेंटाइन या फिरकी जोडीचा होता. 1958-59 मध्ये वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट भारतात आले, तेव्हा उम्रीगर यांना शतक करता आले नाही. संपूर्ण मालिकेत भारताकडून शतक झाले ते एकच, दिल्लीत चंदू बोर्डे यांचे.

एवढे ऐकल्यावर वाटू लागते की टीकाकारांचे खरे असावे. फिरकी आणि मध्यमगतीवर तुटून पडणारा, खऱ्या वेगासमोर मात्र मवाळ होणारा फलंदाज. पण 1959 चे ओल्ड ट्रॅफर्ड या चित्रात बसत नाही. जिथे 58 धावांत भारताचा फडशा पडला होता, त्याच मैदानावर सात वर्षांनी उम्रीगर यांनी चौथ्या डावात 118 धावा केल्या. गोलंदाजांत ट्रूमन होताच. त्याच डावात अब्बास अली बेग यांनी पदार्पणात 112 धावा केल्या. भारताला 548 धावांचे अशक्य लक्ष्य होते आणि सामना 171 धावांनी गेला. दडपण संपलेल्या सामन्यातले शतक, असे म्हणून ते बाजूला सारता येते. 1962 चे पोर्ट ऑफ स्पेन मात्र असे सहज बाजूला सारता येत नाही.

त्रिनिदादमध्ये एप्रिल 1962 ला काय झाले?

भारतीय संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होता. पहिल्या दोन कसोटी गमावल्या होत्या. मार्चमध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली, मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली, कित्येक दिवस जिवाची शाश्वती नव्हती. रक्त द्यायला वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले, आणि भारतीयांत चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. उपकर्णधार मन्सूर अली खान पतौडी वयाच्या एकविसाव्या वर्षी कर्णधार झाले.

ड्रेसिंग रूममधल्या वातावरणाची कल्पना करायला फार लागत नाही. आपल्या कर्णधाराला गंभीर जखमी होताना पाहिले आहे, डोक्यावर हेल्मेट नाही आणि समोर वेस्ली हॉल. अशा वेळी 36 वर्षांचा, वेगाला घाबरतो असा दहा वर्षांचा शिक्का बसलेला फलंदाज काय करेल?

चौथ्या कसोटीत वेस्ट इंडिजने 9 बाद 444 वर डाव घोषित केला. त्यातले पाच बळी उम्रीगर यांनी घेतले, 107 धावांत. ऑफ कटर आणि मध्यमगती यांच्या मिश्रणाने दीर्घकाळ एक टोक धरून ठेवायचे, हे त्यांचे नेहमीचे काम. मग हॉलने 20 धावांत पाच बळी घेतले आणि भारताचा पहिला डाव 197 धावांत संपला. त्यात सर्वाधिक 56 धावा उम्रीगर यांच्या. फॉलोऑन. दुसऱ्या डावात सलीम दुराणी यांनी 104 धावा केल्या आणि उम्रीगर यांनी नाबाद 172, अवघ्या 248 मिनिटांत. भारताने 422 धावा केल्या. वेस्ट इंडिजने तीन गडी गमावून सामना जिंकला, मालिकाही 5-0 अशी जिंकली. पण एकाच कसोटीत 56, नाबाद 172 आणि पाच बळी ही कामगिरी धावफलकावर राहिली. मालिकेत उम्रीगर यांच्या 445 धावा, सरासरी 49.44.

एकाच कसोटीत दीडशेहून अधिक धावांची खेळी आणि डावात पाच बळी, हे भारताकडून त्याआधी फक्त विनू मंकड यांनी केले होते, लॉर्ड्सवर 1952 मध्ये. उम्रीगर यांच्यानंतर तिसरा भारतीय यायला 60 वर्षे लागली : रवींद्र जडेजा, मोहाली, मार्च 2022.

कॅरिबियन प्रेक्षकांनी त्यांना 'पाम ट्री हिटर' असे नाव दिले होते. ताडमाडांवरून चेंडू भिरकावणारा. घाबरटाला असे नाव कोणी देत नाही.

अष्टपैलू म्हणून किंमत का झाली नाही?

वाद नेहमी फलंदाजीभोवती फिरतो, त्यामुळे ही बाजू झाकली जाते. कसोटीत बळी फक्त 35, सरासरी 42. आकडे साधेच. पण 1955 मध्ये बहावलपूरला पाकिस्तानविरुद्ध 74 धावांत सहा बळी, आणि डिसेंबर 1959 मध्ये कानपूरला रिची बेनॉ यांच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध दुसऱ्या डावात 27 धावांत चार. त्या कसोटीचे नायक 14 बळी घेणारे जसू पटेल, हे योग्यच. पण दुसऱ्या टोकाने उम्रीगर यांनी ऑस्ट्रेलियाला हलू दिले नाही, म्हणून पटेल यांचे काम सोपे झाले. ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताचा तो पहिला कसोटी विजय. ज्यांना ऑस्ट्रेलियाविरुद्धचे शतक सापडत नाही, त्यांनी हे चार बळी तरी मोजावेत.

कर्णधार म्हणून त्यांनी आठ कसोटींत नेतृत्व केले, दोन जिंकल्या. 1958-59 च्या मालिकेत मद्रास कसोटीच्या तोंडावर संघनिवडीवरून मंडळाच्या अध्यक्षांशी खटका उडाला आणि त्यांनी कर्णधारपद सोडून दिले. त्या एका मालिकेत भारताला चार कर्णधार लाभले. त्या काळी मंडळाशी असे भिडायला फार थोडे खेळाडू धजावत. खेळाडू कसोटीच्या तुटपुंज्या भत्त्यावर खेळत आणि मंडळाचा शब्द अखेरचा असे.

'वेगाची भीती' एका माणसाची की व्यवस्थेची?

1962 च्या 5-0 पराभवानंतर मंडळानेच या प्रश्नाचे उत्तर दिले. 1962-63 च्या मोसमात वेस्ट इंडिजचे चार वेगवान गोलंदाज भारतात बोलावून रणजी संघांना वाटून दिले गेले : रॉय गिलख्रिस्ट, चेस्टर वॉटसन, लेस्टर किंग आणि चार्ली स्टेअर्स. हेतू एकच, आपल्या फलंदाजांना वेगाची सवय व्हावी. म्हणजे ज्या उणिवेसाठी एका उम्रीगर यांना दशकभर बोल लावला गेला, ती सगळ्या देशाची उणीव आहे, हे मंडळाने त्या वर्षी कृतीतून मान्य केले. फक्त तोवर उम्रीगर निवृत्त झाले होते.

1948 ते 1962 या काळात भारताने फक्त आठ कसोटी जिंकल्या. हरणाऱ्या संघातल्या मोठ्या खेळाडूचे हे दुखणे असते. जिंकणाऱ्या संघात तोच खेळाडू एखाद्या मालिकेत फसला, तर लोक ती मालिका विसरतात. हरणाऱ्या संघात फसलेली मालिकाच लक्षात राहते.

मग निकाल काय?

उम्रीगर यांना त्यांच्या पिढीतला सर्वोत्तम तंत्रशुद्ध फलंदाज ठरवणे अवघड आहे. तो मान हजारे किंवा मांजरेकर यांच्याकडे जातो, आणि 1952 चा डाग खरा आहे, कपोलकल्पित नाही. पण ट्रूमनसमोर मागे सरकणारा पॉली तेवढाच खरा आणि पोर्ट ऑफ स्पेनला हॉलसमोर 172 धावांवर नाबाद राहणारा पॉली अपवाद, असे मानायला आकड्यांत आधार नाही. दहा वर्षांत माणूस बदलला, आणि तोही हेल्मेटशिवाय. नावलौकिकाला तो पात्र होता का, या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेच येते. 'एका मालिकेपुरता अपवाद सोडून' हे शेपूट ज्यांना लावायचे त्यांनी लावावे.

1962 मध्येच त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे निवड समितीचे अध्यक्ष, भारतीय संघाचे व्यवस्थापक, मंडळाचे कार्यकारी सचिव आणि वानखेडे स्टेडियमच्या खेळपट्टीची निगा राखणारे क्युरेटर अशा अनेक भूमिकांत ते मैदानाजवळच राहिले. 1998-99 साठी सी. के. नायडू पुरस्कार मिळाला. 7 नोव्हेंबर 2006 रोजी मुंबईत, वयाच्या 80 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुरस्काराला त्यांचे नाव लागले ते त्याच मोसमात. ज्याच्यावर वेगवान गोलंदाजांना घाबरल्याचा आरोप झाला, त्याच्या नावाचा पुरस्कार तीनदा नेणारा बुमराह हा वेगवान गोलंदाज आहे.